काकांच्या रायफलचा दस्ता

१

रायफल चोरीला गेली असती, तर ते समजण्यासारखं होतं. चोर असलीच वस्तू नेतात. पण मेश्रामांच्या बेसमेंटमधल्या तिजोरीत त्या शनिवारी सकाळी जे दिसलं, त्याला चोरी म्हणावं की चेष्टा, हेच कोणाला कळेना. रायफलचं लोखंड जागच्या जागी होतं. गेलं होतं ते लाकूड.

ज्ञानदेव मेश्राम एप्रिलमध्ये वारले. त्यांचा मुलगा अनुप यानं ऑक्टोबर उजाडताच वडिलांची शिकारीची रायफल विकायला काढली. घरात आपली छोटी लेक अनिका बागडत असते, आईला त्या वस्तूचा उपयोग नाही, मग ठेवायची कशाला, असं त्याचं सरळ गणित होतं. जाहिरातीत त्यानं वडिलांच्या संग्रहातले जुने फोटो टाकले होते, आणि ते पाहून अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या पार उत्तरेकडून एक माणूस गाडी हाकत मेश्रामांच्या गावी, नोव्हायला, आला होता.

पाहुण्यानं रायफल हातात घेतली. नळीमागचा बोल्ट ओढून आत गोळी नाही ना, ते बघितलं. मग एकदा फोनमधल्या फोटोकडे आणि एकदा हातातल्या वस्तूकडे पाहिलं, आणि ती अलगद टेबलावर ठेवून दिली. फोटोतला अक्रोडाचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, गडद होता, गाल टेकायच्या जागी आणखी काळवंडलेला, आणि खालच्या अंगाला बोटभर लांब खोच पडलेला. टेबलावरचा दस्ताही अक्रोडाचाच, पण फिकट, तुकतुकीत आणि कोरा. जुन्या लाकडासाठी आलो होतो, असं म्हणून तो माणूस आल्या पावली परत गेला.

"कोणीतरी बाबांचा ओरिजिनल दस्ता पळवलाय आणि हे डुप्लिकेट बसवलंय," अनुप म्हणाला. "आणि कोण ते मला एक्झॅक्टली माहितीय."

"कोण रे?" रत्नाबाईंनी विचारलं. ज्या वस्तूकडे जन्मभर रागानं पाहिलं, तिचं लाकूड हरवल्यावर आपल्याला एवढं वाईट का वाटतंय, ते त्यांना कळत नव्हतं.

"प्रफुल्लकाका. तिजोरीचा नंबर घरच्यांशिवाय फक्त त्यांना माहिती होता. आज संध्याकाळपर्यंत त्यांनी कबूल केलं तर ठीक. नाहीतर आय ॲम कॉलिंग द पोलीस."

प्रफुल्ल रामटेके म्हणजे ज्ञानदेवांना काका म्हणणारा, पण धाकट्या भावासारखा मित्र. मागच्या वर्षी पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर शिकारीला गेलेला, आणि शेवटच्या आजारात दवाखान्यात रात्री काढणारा. येत्या आठवड्यात त्याचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू होता. बंदुकीच्या चोरीत नाव आलं तर त्या इंटरव्ह्यूचं काय होईल, हे कोणी सांगायची गरज नव्हती. रत्नाबाईंनी फोन उचलला आणि जागृतीला लावला.

२

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत जागृती वॉरंटीचं काम बघायची. मोडून परत आलेला पार्ट तिच्या टेबलावर यायचा, आणि तो का मोडला, चूक कोणाची, हे तिनं शोधून सांगायचं. हे काम तिला शिकवलं ज्ञानदेवकाकांनी. नागपूरहून शिकायला आली तेव्हा विमानतळावर तिला घ्यायलाही तेच आले होते, आणि पहिल्या नोकरीत तिचे साहेबही तेच. पार्ट कधी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ते गेल्यापासून कुठलाही अवघड पार्ट समोर आला की तिचा हात आपसूक फोनकडे जायचा, आणि मग नंबर लावायला पलीकडे माणूसच नाही हे आठवून तिथंच थांबायचा.

बेसमेंटमध्ये तिनं रायफल दिव्याखाली आडवी ठेवली आणि भोवती दोनदा फिरली. लोखंड आणि लाकूड यांच्या मधल्या फटीत तिनं कागदाचा कपटा सरकवून पाहिला. कपटा आत जाईना. मुठीच्या जागी कोरलेल्या जाळीतली एकही रेघ चुकलेली नव्हती. दस्त्याच्या टोकाला रबराची चांगली जाड, मऊ गादी होती.

"हे काही दोन दिवसांत उरकलेलं काम नाही," ती म्हणाली. "अनुप, ही उचलून खांद्याला लाव बरं. बोल्ट काढून ठेव आधी."

अनुप वडिलांसारखाच सहा फूट. त्यानं रायफल खांद्याला लावली, तर मान आखडून त्याचं नाक वर बसवलेल्या दुर्बिणीवर आपटायला आलं. "सी? मापच चुकलंय. फालतू काम आहे."

जागृतीनं रायफल परत टेबलावर ठेवून घेतली. रत्नाबाई तिला वर स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि चहाचं आधण ठेवता ठेवता त्यांच्या मनातलं एकेक बाहेर पडायला लागलं.

"पंचशील घेतलेला माणूस आणि हातात बंदूक! मी किती भांडली असेन त्यावरून. दर ऑक्टोबरला वायोमिंगला जायचे. त्या एल्क हरणांच्या मागं, डोंगरात. मी दशम्या आणि जवसाची चटणी बांधून द्यायची. एकाचीच शिदोरी. एकदा म्हटलं, मला पण न्या की. तर म्हणे, तिथं बघण्यासारखं काही नाही गं रत्ना, नुसती थंडी. पुन्हा म्हटलं नाही मी. पुरुषाला एकट्यानं जायचं असतं कुठंतरी, असं मनाशी धरून चालली."

"आणि मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्षी आल्यापासून तर घरात पाय ठरेना. हिवाळाभर दर शनिवारी प्रफुल्लकडे कॅरम. अंगाला कसलासा तेलकट वास घेऊन यायचे. आणि एक दिवस, कधी नाही ते, माझा हात धरला. कोपर वाकवायला लावलं, टेप लावली. म्हटलं, आता म्हातारपणी हे काय? तर म्हणे, तुला स्वेटर आणतो." रत्नाबाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "कुठला स्वेटर न काय. माणूसच गेला."

जागृतीनं विषय बदलला. "काकू, तिजोरीचा नंबर काय होता?"

"चौदा, दहा, छप्पन्न."

दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली ती तारीख. जागृतीनं कपाळावर हात मारला. हा नंबर विहारात येणाऱ्या शाळकरी पोरानंसुद्धा पहिल्या फटक्यात ओळखला असता. म्हणजे नंबर माहीत होता एवढ्यावरून प्रफुल्लदादाला चोर ठरवणं म्हणजे अर्ध्या नोव्हायला चोर ठरवण्यासारखं होतं.

"आणखी एक," रत्नाबाई म्हणाल्या. "मागच्या गल्लीत नंदू साने राहतात. त्यांचं सगळं गॅरेज लाकडांनी भरलंय. त्या दस्त्यावर त्यांचा फार जीव. यांना नेहमी म्हणायचे, ज्ञानदेव, कधी नकोसं झालं तर हे लाकूड मला द्या."

३

नंदू साने मूळचे पुण्याचे, आता निवृत्त. गॅरेजमध्ये गाडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून गाडी बाहेर बर्फ खायची आणि आत लाकडाच्या फळ्या उबेत असायच्या. बायकोनं या विषयावर बोलणं कधीच सोडलं होतं. जागृतीनं फोनमधले फोटो पुढे केले, तसे त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मी केलंय असं वाटतंय की काय तुला? अगं, असं काम जमलं असतं तर सगळ्या गावाला बोलावून दाखवलं असतं मी. लोखंड बसवायची ही खाच बघ. हा माणूस नुसता सुतार नाही, ह्याला मशिनिंग कळतं." मग त्यांनी फोटो मोठा केला आणि ते चुकचुकले. "अरेरे. पण लांबीत घोळ केलाय बघ. चापापासून टोकापर्यंतचं अंतर फारच तोकडं झालंय. एवढी मेहनत केली आणि कापताना चुकला."

"लांबी कशावर ठरते, काका?"

"वापरणाऱ्याच्या हातावर. शिंपी कसं बेततो, तसंच ते. ज्ञानदेव एवढे उंच, त्यांचा दस्ता हा एवढा लांब होता. हे कोणाच्याच कामाचं नाही. फार तर लहान पोराच्या."

"अक्रोड कुठलं असेल हे?"

साने जरा घुटमळले. मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. दस्त्याच्या मधोमध एक गडद शीर वळण घेऊन गेली होती. "खरं सांगू? ही शीर माझ्या ओळखीची आहे. ही माझ्याच फळीतली. मागच्या थंडीत ज्ञानदेवांना दिली होती. त्यांना घरी शेल्फ करायचं होतं."

जागृती उठून उभी राहिली. मेश्रामांच्या घरातली भिंत न् भिंत तिला पाठ होती. त्या घरात अक्रोडाचं शेल्फ कुठंच नव्हतं.

४

प्रफुल्लनं दार उघडलं आणि तिला पाहताच त्याचा चेहरा उतरला. पन्नाशीचा, मितभाषी माणूस. डायनिंग टेबलावर सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूची प्रश्नोत्तरं पसरलेली होती.

"अनुपचा फोन आला होता," तो म्हणाला. "चहा घेणार?"

"आधी बेसमेंट दाखव, दादा."

तो नाही म्हणू शकला असता. पण तो मुकाट्यानं पुढे झाला आणि त्यानं दिवा लावला. खाली लाकडी बाक होता, भिंतीला पट्ट्या आणि रंधे अडकवलेले होते. हवेत जवसाच्या तेलाचा वास अजून रेंगाळत होता. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या मागे कॅरम बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला होता. दुकानातून आणताना गुंडाळलेलं प्लास्टिक त्याच्यावर अजून तसंच होतं.

बाकाखाली जुन्या चादरीत काहीतरी लांबट गुंडाळलेलं होतं. जागृतीनं ते उचललं. चादर सोडली.

गडद अक्रोड. गाल टेकायच्या जागी काळवंडलेलं. खाली बोटभर लांब खोच.

"दादा!"

"हो, माझ्याकडेच आहे," प्रफुल्ल म्हणाला. "मी चोरलेला नाही. पण ह्यापुढे मला काही विचारू नकोस."

"अरे, अनुप संध्याकाळी पोलिसांना फोन करणारे! तुझा इंटरव्ह्यू…"

"कॅन्सल होईल. कदाचित सगळंच बारगळेल. माहितीय मला." तो जिन्याच्या पायरीवर बसला. "मी काकांना शब्द दिलाय, जागृती. आणि शब्द सोड, खरं सांगितलं तर काकूंना जो त्रास होईल ना, तो मला बघवणार नाही. त्यापेक्षा मी चोर बरा."

जागृतीनं त्याच्याकडे पाहिलं, मग तेलाच्या डागांनी माखलेल्या बाकाकडे, मग प्लास्टिकमधल्या कॅरम बोर्डाकडे. हातातल्या लाकडाला काकांच्या शेव्हिंग क्रीमचा वास येतोय, असा तिला भास झाला. मग तिच्या तोंडून एकदम हुंदक्यासारखं हसू फुटलं.

"चल गाडीत बस," ती म्हणाली. "तू शब्द मोडू नकोस. मी काही शब्द दिलेला नाही."

५

मेश्रामांच्या बेसमेंटमध्ये जुना दस्ता पाहताच अनुपनं फोन बाहेर काढला. जागृतीनं तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"आधी ऐक. मग कोणाला करायचा त्याला फोन कर. मला सांग, चोर चांगली वस्तू नेतो आणि तिच्या जागी काय ठेवतो?"

"काहीतरी स्वस्तातलं. फेक."

"आणि इथं काय ठेवलंय? सबंध हिवाळा घालवून केलेलं काम. असा चोर मी तरी बघितलेला नाही. तेव्हा ही चोरी नाही, इथून सुरुवात करू." जागृतीनं दोन्ही दस्ते शेजारी शेजारी ठेवले. "सानेकाका म्हणाले, कारागीर फार मोठा, पण कापताना चुकला. तूही तेच म्हणालास. आता माझ्या कामात आम्ही कसं बघतो सांगते. एखाद्या पार्टमध्ये सगळीच मापं चुकलेली असली, तर करणारा कच्चा. पण बाकी सगळं केसभरही इकडचं तिकडं नाही आणि एकच माप वेगळं आहे, तर ते चुकलेलं नसतं. ते कोणासाठी तरी मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. आणि ही मऊ गादी बघ. हलक्या खांद्याला दणका बसू नये म्हणून असते ही."

अनुपच्या कपाळावर आठी पडली. "कोणासाठी पण?"

"ते सांगते. आधी केलं कोणी ते बघू. लाकूड सानेकाकांच्या फळीतलं. ती काकांनी शेल्फसाठी म्हणून मागून नेली. शेल्फ कुठंय? शनिवारी ते प्रफुल्लदादाकडे कॅरम खेळायला जायचे. तो बोर्ड अजून प्लास्टिकमधून बाहेर निघालेला नाही. अंगाला वास यायचा तो जवसाच्या तेलाचा, लाकडाला चोळतात त्या. सकाळपासून आपण खोटारडा शोधतोय ना? तर ह्या प्रकरणात खोटं बोललेला माणूस एकच आहे, आणि तो एप्रिलमध्ये आपल्याला सोडून गेला."

रत्नाबाई जिन्याशी उभ्या होत्या. जागृती त्यांच्याकडे वळली.

"काकू, स्वेटरचं माप कुठून कुठपर्यंत घेतात?"

"खांद्यापासून मनगटापर्यंत."

"काकांनी कुठून कुठपर्यंत घेतलं?"

रत्नाबाईंनी नकळत आपलं कोपर वाकवलं. दुसऱ्या हाताचं बोट कोपराच्या खोबणीत ठेवलं आणि ते हळूहळू पुढे नेलं, मनगट ओलांडून, तळहात ओलांडून, तर्जनीच्या पेरापर्यंत. तिथं ते थांबलं. बंदुकीचा चाप ओढणाऱ्या बोटावर.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

जागृतीनं रायफल उचलून, बोल्ट काढलेलाच आहे ना ते पुन्हा पाहून, त्यांच्या हातात दिली. पाच फुटांनाही कमी पडणाऱ्या त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याची बंदूक हातात घेतली आणि समोरच्या सिमेंटच्या भिंतीकडे धरून खांद्याला लावली. मान आखडली नाही. नाक कुठं आपटलं नाही. गाल बरोबर लाकडावर टेकला, डोळा बरोबर दुर्बिणीसमोर आला आणि बोट चापापाशी असं पोचलं, जसं बेतून शिवलेलं ब्लाउज अंगाला बसावं.

"बाबा आईला घेऊन जाणार होते?" अनुपचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"बोल आता दादा," जागृती म्हणाली. "गुपित फोडलं ते मी."

प्रफुल्ल रत्नाबाईंकडे वळला. "ह्या ऑक्टोबरला. मागच्या वर्षी आम्ही वर कड्यावर बसलो होतो. दरीच्या पलीकडच्या अंगाला, पार लांब, एल्कचा कळप उतरत होता. काकांनी दुर्बीण लावली. मी म्हटलं, मारा. तर ते नुसतेच बघत बसले. खूप वेळ. मग म्हणाले, मी रत्नाला सांगत आलो की इथं बघण्यासारखं काही नाही. थंडीत तिचे हाल होतील, चढ झेपणार नाही, म्हणून तसं म्हणायचो. म्हातारा झालो यार, प्रफुल्ल, आणि हे सगळं मी एकट्यानंच बघितलं. मग म्हणाले, पण माझी बंदूक तिला व्हायची नाही, तिच्या मापाची करायला हवी. ती गोळी नाही झाडणार, मला माहितीय. पण दुर्बिणीतून बघायला तरी तिला आपल्या मापाचं काहीतरी पाहिजे ना. काकू, फेब्रुवारीत दस्ता झाला, तो रायफलला बसवून त्यांनी ती तिजोरीत नेऊन ठेवली, आणि जुना माझ्याकडेच राहिला. निघायच्या दिवशी देईन म्हणाले, तोवर तोंड उघडायचं नाही. आणि मार्चमध्ये ॲडमिट केलं. ते गेल्यावर मी तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार होतो, की तुम्हाला नेणारच होते म्हणून?"

अनुप प्रफुल्लसमोर येऊन उभा राहिला. सॉरी म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तोच प्रफुल्लनं त्याला जवळ ओढलं.

रत्नाबाईंनी रायफल टेबलावर ठेवली आणि जुना दस्ता हातात घेतला. काळवंडलेल्या जागेवर त्यांनी अंगठा फिरवला, मग वाकून तिथं आपला गाल टेकला. इतकी वर्षं दर ऑक्टोबरला ह्या माणसानं जिथं गाल टेकला होता, तिथंच. त्या रडत होत्या, पण आवाज करत नव्हत्या. जागृतीला वाटलं, आता ह्या मोडून पडणार, प्रफुल्लदादाची भीती खरी होणार. आणि काकूंना हे कळायला लावलं ते आपण.

"मला वाटायचं," रत्नाबाई लाकडाशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "ह्यांना एकट्यानं जायला आवडतं."

मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, दस्ता पोटाशी धरला आणि प्रफुल्लकडे वळून पाहिलं.

"तुझा तो इंटरव्ह्यू कधी आहे?"

"बुधवारी."

"तो झाला की निघू. ते नाहीत म्हणून डोंगर काही जागचे हलले नसतील. शिकार नको मला, आपण नुसते बघून येऊ. अनुप, ही विकायची नाही. कुलपाचा नंबर तेवढा बदल." त्या पुन्हा प्रफुल्लकडे वळल्या. "थंडी किती असते रे तिथं?"

"खूप असते, काकू. हाडं गोठतात."

"मग बघ की," रत्नाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या ओल्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी नवऱ्याशी भांडतानाचा जुना रुसवा उमटला. "माप घेऊन बसले बंदुकीचं. स्वेटर तर लागणारच होता ना मला?"

जागृतीनं काकांच्या हत्यारांच्या पेटीतली टेप उचलली. काकूंचा हात सरळ धरला आणि खांद्यापासून मनगटापर्यंत माप घ्यायला सुरुवात केली.